बॅकअपच्या टेस्ट आणि सव्वीस दिवस अडकलेलं तिकीट

सकाळी साडेनऊला आयटी सिक्युरिटीमधून फोन, "मॅडम, तुमच्या मशीनवर रॅन्समवेअर आलंय, आम्ही ते मशीन नेटवर्कवरून काढून टाकलंय." रॅन्समवेअर म्हणजे फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस. तो कसला, माझीच टेस्ट होती ती.

आमचं बॅकअप सॉफ्टवेअर विंडोजवर चालतं आणि नवीन बिल्डने जुनं काही मोडलं नाही ना हे रोज रात्री आपोआप तपासायचं काम माझ्याकडे आलं. टेस्ट तशा सरळ, फोल्डर भरायचं, बॅकअप घ्यायचा, दुसरीकडे रिस्टोअर करायचं, दोन्हीकडच्या फायलींचे हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेले ठसे, जुळवायचे. मराठी नावांच्या फायली, २६० अक्षरांच्या वर जाणारे पाथ, दुसऱ्या प्रोग्रॅमने लॉक करून ठेवलेली फाइल, सगळं घातलं, चार दिवसांत झालं. लॉक झालेली फाइल वाचायला विंडोजची शॅडो कॉपी, म्हणजे त्या क्षणाची गोठवलेली प्रत, लागते, आणि ती मागे उरू नये म्हणून मी प्रत्येक टेस्टच्या शेवटी सगळ्या शॅडो कॉपी उडवायची व्हीएसएस-अ‍ॅडमिन या विंडोजच्या टूलची एक ओळ टाकली होती. अगदी गुपचूप, काही न विचारता उडवणारी.

तर २०१७ च्या वॉनाक्राय या रॅन्समवेअरने अगदी हीच कमांड चालवली होती, लोकांना जुन्या फायली परत मिळू नयेत म्हणून. त्यामुळे ही ओळ दिसली की अँटिव्हायरस आधी पकडतो. ठीक आहे, त्याचं कामच आहे ते. मी म्हटलं अपवाद मागून घेऊ, फॉर्म तर आहे.

फॉर्ममध्ये मशीनचं नाव हवं. आमची टेस्टची व्हीएम, म्हणजे सॉफ्टवेअरने बनवलेलं आभासी मशीन, रोज रात्री टेम्प्लेटवरून नवीन बनते, नाव रोज वेगळं. तसं लिहिलं तर "मशीन सापडत नाही" म्हणून परत. मग नाव कायमचं करून घेतलं, परत भरला, तर मॅनेजरची मंजुरी जुन्या तिकिटावर, म्हणजे आधीच्या विनंतीवर आहे, नव्यावर नाही. ती घेतली आणि गणपतीला गावी गेले, तीन दिवस उत्तर दिलं नाही म्हणून तिकीट आपोआप बंद! परत उघडलं तर रांगेत पहिल्यापासून. फोन केला की "मॅडम, एल-टू कडे आहे", म्हणजे सपोर्टच्या वरच्या टीमकडे, त्या एल-टू ला केला की "बिझनेस कारण नीट लिहा". मी तीन वेळा तेच लिहिलं, टेस्टिंगसाठी आवश्यक. इकडे रिलीज जवळ येत होता आणि मी सगळं हाताने तपासत बसले होते, रात्री आठ-आठ वाजेपर्यंत.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी एका नवीन पोराचा फोन आला. "पण मॅडम, ही कमांड लागतेच कशाला?" मी चिडून म्हटलं, विचारून सांगते. शेजारच्या डेव्हलपर सरांना विचारलं तर ते हसायलाच लागले. आपलं सॉफ्टवेअर जी शॅडो कॉपी बनवतं ती तात्पुरती असते, प्रोसेस संपली की आपोआप जाते, क्रॅश झाली तरी. मी मुद्दाम मधेच प्रोसेस मारून यादी काढून बघितली. रिकामी!

ओळ काढली, चाचपणीला आणखी चार-पाच दिवस गेले आणि सगळं हिरवं. चूक माझी, मान्य. पण हा प्रश्न फॉर्ममध्ये पहिलाच का नाही? मशीनचं नाव काय करायचंय? तिकीट बंद करताना वर तारे द्यायला सांगतात, ते मी दिले नाहीत.

कोणी असं करणार असेल तर दोन-तीन गोष्टी. टेस्ट एकदम चार-चार चालवू नका, एक शॅडो कॉपी बनत असताना दुसरी मागितली की ८००४२३१६ एरर येतो, आणि एकेकटी चालवली की पास होते, त्यामुळे वेड लागायची पाळी येते. ठरल्या वेळी कामं चालवणाऱ्या टास्क शेड्युलरमध्ये अ‍ॅडमिन हक्क द्या, आणि लॉगिन नसताना टास्क चालत असेल तर तुमचा मॅप केलेला झेड ड्राइव्ह त्याला दिसत नाही, पूर्ण नेटवर्क पाथ लिहा. अरे हो, हे तर आधीच सांगायला हवं होतं, हॅश जुळत नसतील तर बॅकअपला शिव्या घालण्याआधी गिट (कोडच्या आवृत्त्या सांभाळणारा प्रोग्रॅम) बघा. लिनक्सवर बनवलेल्या टेस्टच्या टेक्स्ट फायलींच्या ओळींचे शेवट विंडोजवर तो बदलून देतो. त्या फायली गिटअ‍ॅट्रिब्यूट्स या त्याच्या सेटिंगच्या फाइलमध्ये बायनरी म्हणून टाका. माझा एक आख्खा शनिवार त्यात गेलाय.