चित्र कोणाचं?

परवा नागपूरच्या महाल भागातल्या एका रद्दीच्या दुकानात तासभर बसलो होतो, बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि आत शाळेच्या गाईडांच्या गठ्ठ्याखाली एक जुनं लघुनियतकालिक, म्हणजे नव्या कवी-लेखकांनी स्वतःच काढलेला छोटा अंक, हाती लागलं. पिना गंजलेल्या, कागद पार पिवळा, हात लावला की कोपरा तुटतोय असा. पण मधल्या पानावर एक बाई, गुडघ्यात मान घालून बसलेली, सगळ्या मिळून दहा-बारा रेघा असतील. मी बघतच राहिलो. सही नाही, आत कुठे नावही नाही, कवींची नावं मात्र सगळी आहेत. दुकानदार म्हणाला, "काय करता जी याचं? द्या दहा रुपये."

घरी येऊन पान उलटं केलं आणि मागून बोट फिरवलं तर रेघा हाताला लागतात! झिंकचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा धातूचा ठसा, कागदात दाबला गेलाय ना, त्याचा तो उठाव. तेव्हा फोटो किंवा रंगाच्या छटा छापायच्या तर हाफटोन ब्लॉक, म्हणजे बारीक ठिपक्यांचा ठसा, लागायचा, त्याला गुळगुळीत कागद, म्हणजे खर्च, आणि हे अंक काढणारी पोरं पदरचे पैसे घालून काढायची, म्हणून मग लाइन ब्लॉक, म्हणजे छटा नसलेला, नुसत्या रेघांचा ठसा, आणि लाइन ब्लॉकसाठी चित्रकाराने नुसत्या काळ्या शाईत काढायचं. मला वाटतं मराठी रेखाटनात जो नेमकेपणा आहे तो बराचसा या पैशाच्या ओढाताणीतून आलाय. 1954 चं 'शब्द' हे लघुनियतकालिक तर सायक्लोस्टाइल होतं, म्हणजे स्टेन्सिलवर टोकदार लेखणीने ओरखडायचं, चुकलं की खाडाखोड करत बसा. त्या 'शब्द'मधला अरुण कोलटकर स्वतः मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयात शिकलेला, पोटापाण्यासाठी जाहिरातीत, पुढे क्लिअरिंग हाऊस या कवींनीच काढलेल्या प्रकाशनाच्या पुस्तकांची डिझाइनंही त्यानेच केली, 1976 ची 'जेजुरी', त्याचा स्वतःचा कवितासंग्रह, त्यातलीच. त्याला कवी म्हणून सगळे ओळखतात, हे दुसरं काम किती जण बघतात?

आणि आपल्या नागपूरचं बघा. चित्रकार गायतोंडे 1924 ला इथे जन्मले हे आता सगळे अभिमानाने सांगतात, 2013 च्या लिलावात त्यांचं एक चित्र 23 कोटींच्या वर गेलं तेव्हापासून तर जास्तच. सांगावंच, मोठाच माणूस. पण भाऊ समर्थ? लाखनीचे, 1928 चा जन्म, नागपुरातच राहिले, मराठी-हिंदी दोन्हीकडच्या मासिकांत, पुस्तकांत रेखाटनं केली, 1991 ला गेले. त्यांचं काम बघायचं तर कुठे जायचं हे आज चित्रकलेच्या पोरांना विचारा, बहुतेक गप्प बसतील. कारण ते काम भिंतीवर कमी आणि पुस्तकात जास्त आहे, आणि पुस्तकातलं चित्र म्हणजे मजकुराच्या मधली जागा भरायला टाकलेलं, असंच आपण धरून चालतो.

याचा सगळ्यात वाईट अनुभव मला एका लायब्ररीत आला. साठच्या दशकातला कवितासंग्रह मागितला, आला तो काळ्या रेक्झिनच्या बाइंडिंगमध्ये, मुखपृष्ठ गायब. विचारलं तर उत्तर, "बाइंडिंगला गेलं की कव्हर काढूनच टाकतात जी, फाटकं असते." आत श्रेयाच्या पानावर बारीक अक्षरात 'मुखपृष्ठ' आणि पुढे एका चित्रकाराचं नाव. नाव आहे, चित्र नाही. मला खरंच रडू यायचं बाकी होतं. रद्दीतल्या त्या अंकात चित्र आहे, नाव नाही, आणि इथे हे असं.

तेव्हापासून मी एक काम सुरू केलंय. जुनं पुस्तक दिसलं की मुखपृष्ठाचा आणि श्रेयाच्या पानाचा एकत्र फोटो काढायचा, दोन्ही एकाच फाइलमध्ये. आतापर्यंत चाळीसेक झालेत. तुमच्याकडे असतील तर काढून पाठवा प्लीज, फाटकी असली तरी चालतील, फक्त सहीचा कोपरा फ्रेममध्ये येऊ द्या. येत्या रविवारी वर्ध्याला मावशीकडे जातोय, माळ्यावर काकांची जुन्या अंकांची पेटी आहे म्हणते, वाळवी लागायच्या आत उघडायचीय. ती गुडघ्यात मान घातलेली बाई पण सोबत नेतोय, काकांना दाखवायला, हात कोणाचा ते ओळखलं तर त्यांनीच ओळखलं.