ओली चादर घरात

साताऱ्याची थंडी पहाटे एक असते आणि दुपारी भलतीच. पहाटे दारातल्या स्कूटरच्या सीटवरून हात फिरवला तर तळवा ओला होतो, इतकं दव. अजिंक्यतारा अर्धा धुक्यात. आणि दुपारी दोनला ओठ तडकतात, टाचेच्या भेगा चादरीच्या धाग्यात अडकतात, फडकं न टाकलेल्या कणकेवर पापुद्रा धरतो. पावसाळ्यात फुगून खांदा लावल्याशिवाय न लागणारं आमचं मागचं दार या दिवसांत वाऱ्यानं आपलं आपण उघडतं. लोखंडी कपाटाला हात लावायचा तर आधी मनाची तयारी करायची, विजेचा बारीक चटका बसणारच.

गंमत म्हणजे हवेतलं पाणी पहाटे आणि दुपारी साधारण तेवढंच असतं. 10 अंशांची हवा घनमीटरमागे 9 ग्रॅम वाफेतच तुडुंब भरते, म्हणून दव पडतं. तीच हवा 30 अंशांवर गेली की तिला 30 ग्रॅम वाफ सहज मावते. असते मात्र 9च. उरलेली तहान मग ती आपल्या नाकातून, ओठांतून आणि कणकेतून भागवते.

हे कळल्यावर मी खोलीचा हिशोब मांडला. 10 बाय 12ची, 10 फूट उंचीची खोली. 25 अंशांना तिथली आर्द्रता 30 टक्क्यांवरून 50वर न्यायची तर लागतं किती? जेमतेम दीडशे ग्रॅम पाणी. आमटीची एक वाटी! पण घराला फटी असतात, दारं उघडमीट होत असतात, त्यामुळे ही वाटी दिवसभर पुन्हा पुन्हा ओतत राहावी लागते. शिवाय कोपऱ्यात पाण्याचं भांडं ठेवून फारसं काही साधत नाही. त्याचं तोंड केवढं, त्यातून वाफ होणार किती? वर त्या स्वच्छ साठलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालायला टपलेलाच.

म्हणून चादर. धुऊन, पिळून, खोलीतल्या दोरीवर पूर्ण पसरलेली. जुलैत हीच चादर चार-चार दिवस वाळत नाही, घरभर कुबट वास, आणि आपण तिला शिव्या घालतो. डिसेंबरात जेवणं उरकेपर्यंत कडा कोरड्या होतात.

सासूबाईंना हे अजून पटलेलं नाही. "बाहेर एवढं ऊन पडलंय, अन् तू चादर घरात वाळत घालतीस?"

त्यांचंही बरोबरच आहे म्हणा. त्यांची हयात मातीच्या भिंतींच्या घरात गेली. मातीची भिंत हवेत ओल वाढली की पिते आणि कमी झाली की परत सोडते. तिथं कुणाला दोरी बांधायची गरजच पडली नाही. आमच्या भिंतींना ऑइलपेंट. त्या ना काही पितात, ना देतात.

लेकीनं ऑनलाइन मागवलेलं ह्युमिडिफायरही घरात आहे. दिसतं छान, धुकं सोडतं. पण बोअरचं पाणी घातलं की त्यातले क्षार हवेत जाऊन टीव्हीवर पांढरी पूड बसते, आणि टाकी रोज घासली नाही तर जंतू पोसले जातात. माझी पसंती माठाला. उन्हाळा संपला की आपण तो माळ्यावर टाकतो. मी तो हॉलमध्येच ठेवते. पाझरतो, सुकतो, पुन्हा पाझरतो. फक्त त्यावर झाकण घट्ट हवं, आणि त्यातलं पाणी प्यायला मागू नये, दात ठणकतात.

आर्द्रता मोजायचं यंत्र स्वस्तात मिळतं. काटा 40 ते 50च्या मध्ये असला की मी दोरी रिकामी करते. 60च्या वर नेऊन भिंतीला बुरशी आणण्यात काय शहाणपण?

टाचांचं मात्र चादरीनं भागत नाही. तिथं कोकमाचं तेलच लागतं. चिपळूणचे पाहुणे घाट चढून येताना त्याचा पांढरट गोळा घेऊन येतात. सासूबाई सुरीनं त्याची कपची काढतात, पळीत गॅसवर धरतात. कडेनं वितळत ती मधोमध इवलीशी उरली की पळी खाली. कोमट असतानाच भेगेत भरायचं आणि वर मोजे चढवायचे. या वर्षीचा गोळा लिंबाएवढा उरलाय आणि संक्रांत अजून व्हायचीय, तेव्हा चिपळूणला फोन मी आजच लावणार आहे.