काकांच्या स्लाइड

आज वेंगुर्ल्याच्या घरी काकांच्या ट्रंकेतल्या स्लाइड, म्हणजे प्रोजेक्टरने पडद्यावर दाखवायची फिल्मवरची छोटी रंगीत चित्रं, खिडकीच्या उजेडाला धरून बघितल्या. कोडाक कंपनीच्या कोडाक्रोम फिल्मवर टिपलेला दशावतार अजून लखलखीत आहे, संकासुराच्या जिभेचा लाल रंगसुद्धा! त्याच काळातल्या, कोडाकच्याच एक्टाक्रोम फिल्मवरच्या स्लाइड मात्र तांबूस पडल्यात. त्यातला निळसर रंग आधी उडाला आणि समुद्र ओळखूच येईना. फार वाईट वाटलं.

कोडाक्रोम अंधारात वर्षानुवर्षं टिकते, पण प्रोजेक्टरच्या दिव्याखाली झपाट्याने विटते. म्हणून आता स्कॅन करून तेच सगळ्यांना दाखवायचं, मूळ स्लाइड पडद्यावर लावायची नाही. 2010 नंतर कोडाक्रोम धुऊन देणारं कुणी उरलं नाही, त्यामुळे आहे ते जपायलाच हवं.

आपल्याकडचा खरा वैरी पावसाळा. दमट हवेत फिल्मवरच्या जिलेटिनला बुरशी लागते आणि ती चित्रच खाते. पीव्हीसीची पाकिटं नकोत, पॉलिप्रॉपिलीनची घ्या. कोरड्या दिवसांत, सिलिका जेलसकट हवाबंद डब्यात भरून डबा फ्रिजमध्ये. बाहेर काढल्यावर तो खोलीइतका गरम होईपर्यंत अजिबात उघडायचा नाही, नाहीतर थंड फिल्मवर पाणी सुटतं.

कुणाच्या माळ्यावर स्लाइडचे डबे असतील तर मिरगाआधी खाली काढा. स्कॅनर माझ्याकडे आहे, खुशाल घेऊन या.