पेनाती : आधी रेपिनचं घर, मग त्याची चित्रं

रशियन चित्रकार इल्या रेपिन (१८४४–१९३०) बघायचा म्हणून सेंट पीटर्सबर्गला येणारे लोक थेट रशियन म्युझियम गाठतात. मी म्हणेन, आधी त्याच्या घरी, ‘पेनाती’ला जा. फिनल्यांडस्की स्टेशनवरून विबोर्गकडची लोकल धरली की तासाभराच्या आत रेपिनो येतं. जुनं नाव कुओक्काला; १९४८ मध्ये बदललं. तिथून फिनलंडच्या आखाताच्या दिशेने पायी जायचं. हिवाळ्यात बर्फावर न घसरणारे बूट हवेत, शिवाय दिवस लहान असल्याने काचेच्या छपराच्या स्टुडिओतला उजेड लवकर जातो. जमल्यास उन्हाळ्यातच जा.

घर १९४४ मध्ये जळलं. आज दिसतं ते १९६२ साली पुन्हा उभारलेलं. आतल्या बऱ्याच वस्तू मात्र खऱ्या आहेत, कारण त्या आधीच लेनिनग्राडला (आजच्या सेंट पीटर्सबर्गला) हलवल्या होत्या. जेवणघरातलं गोल टेबल नीट बघा. मधला भाग फिरतो, उष्ट्या ताटल्यांसाठी खाली खण आहेत. नोकराने वाढायचं नाही, शेजाऱ्यालाही मदत करायची नाही. नियम मोडला की उभं राहून भाषण ठोकायचं! हा कारभार रेपिनची जोडीदार नताल्या नॉर्डमन हिचा, आणि जेवण शाकाहारी.

वर स्टुडिओत कंबरेच्या पट्ट्याला अडकवायचं पॅलेट आहे. कामाच्या ताणाने उजवा हात दुबळा झाला, तेव्हा रेपिन डाव्या हाताने रंगवू लागला. मग पॅलेट धरायला हात कुठून आणणार?

शिक्षक म्हणून तो सेंट पीटर्सबर्गच्या कला अकादमीत १८९४ ते १९०७ होता. कुस्तोदियेव, ग्राबार, ब्रोद्स्की हे त्याचे विद्यार्थी. शिस्तशीर पद्धत बघायची तर त्याचे स्वतःचे गुरू चिस्त्याकोव्ह उजवे. रेपिनचा जोर प्रत्यक्ष कामावर. त्याचा पुरावा रशियन म्युझियममध्ये आहे : झारच्या सल्लागार मंडळाचं चित्र ‘राज्य परिषदेची बैठक’ (१९०३), ४ मीटर उंच, पावणेनऊ मीटरहून रुंद. त्यात कुस्तोदियेव आणि कुलिकोव्ह या दोन विद्यार्थ्यांना त्याने सोबत घेतलं. सभासदांना त्यांच्या नेहमीच्या जागी बसवून, मोजक्याच बैठकींत एकेकाचा अभ्यास (म्हणजे मोठ्या चित्राआधीचं तयारीचं चित्र) रंगवला. मोठ्या चित्रात गणवेश आणि लाल खुर्च्या डोळ्यांत भरतात, माणसं हरवतात. म्हणून आधी ते अभ्यासच बघा. थोडक्या, रुंद फटकाऱ्यांत उतरलेले ते चेहरे मला मोठ्या चित्राहून सरस वाटतात.