नुसता दुवा चिकटवला म्हणजे संदर्भ नव्हे

लेखक, दिनांक, शीर्षक, संकेतस्थळ, दुवा: एपीए या संदर्भ लिहिण्याच्या पद्धतीच्या 7व्या आवृत्तीत वेबपानासाठी हाच क्रम आहे. लेखक नसेल तर संस्थेचं नाव, तेही नसेल तर शीर्षक पुढे येतं. दिनांक सापडत नाही म्हणून पानाच्या तळाशी असलेलं कॉपीराइटचं वर्ष उचलू नका. ते बरेचदा दरवर्षी आपोआप बदलतं. सरळ 'दिनांक नाही' लिहा.

डीओआय (लेखाचा कायमस्वरूपी ओळख क्रमांक) असेल तर ब्राउझरमधला लांबलचक पत्ता नकोच. तो ग्रंथालयाच्या लॉगिनमधून आलेला असला, तर परीक्षकाकडे उघडतही नाही.

विकिपीडियाच्या लेखासाठी 'इतिहास' टॅबमधून तुम्ही वाचलेल्या आवृत्तीवर क्लिक करून तिचाच दुवा घ्या. मग पाहिल्याचा दिनांक लागत नाही. इतर पानं वाचतानाच वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या संकेतस्थळावर जतन करा. प्रबंध सादर करेपर्यंत ती जागेवर असतीलच असं नाही.