दादाची केमन आणि अठरा इंचांची चाकं

गेल्या गणपतीत चतुर्थीच्या आदल्या रात्री दादा पुण्याहून आला तो आधी घरी गेलाच नाही, थेट दुकानासमोर येऊन थांबला. आमचं टायरचं दुकान कुडाळला, हायवेला लागून. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. त्याची गाडी पोर्शे 718 केमन, सेकंडहँड घेतलेली. आधीच्या मालकाने तिला 20 इंची अलॉय चढवले होते. गगनबावड्याचा घाट उतरताना पुढचं डावं चाक खड्ड्यात आपटलं आणि तिथून स्टिअरिंग हातात थरथरत होतं.

चाक काढून बॅलन्सिंग मशीनवर फिरवलं. बाहेरून सगळं ठीक, पण रिमची आतली कड दर फेऱ्याला एकाच ठिकाणी बोटभर आत जायची. बाबा खुर्चीवरून उठून आले, टायरच्या कडेवर अंगठा दाबून बघितला आणि म्हणाले, "ह्येच्यात पोटच नाय, मगे धक्को कोण सोसतलो?"

बाबांनी रेसचा ट्रॅक कधी पाहिलेला नाही, पण दादाच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर तिथेच मिळालं. डिसेंबरात त्याला कोईमतूरच्या करी मोटर स्पीडवे या रेसच्या ट्रॅकवर गाडी न्यायची होती, आणि ट्रॅकसाठी कुठल्या साइजची चाकं घ्यायची हे ठरवायचं काम त्याने माझ्यावर टाकलं होतं.

या गाडीला कंपनीकडूनच तीन साइज मिळत. पुढे 235/45 आर 18, नाहीतर 235/40 आर 19, नाहीतर 235/35 आर 20. मागे याच क्रमाने 265/45, 265/40 आणि 265/35. यात पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, दुसरा टायरच्या कडेची उंची रुंदीच्या टक्क्यांत आणि शेवटचा रिमचा व्यास इंचांत. वहीत गणित मांडून बघा. 235 चे 45 टक्के म्हणजे 105.75 मिलिमीटर, ही टायरच्या कडेची उंची. दोन्ही बाजू मिळून 211.5, त्यात 18 इंचांचे 457.2 मिळवले की टायरचा पूर्ण व्यास 668.7 येतो. असंच करत गेलं तर 19 चा 670.6 आणि 20 चा 672.5. म्हणजे बाहेरून चाक तेवढंच राहतं. रिम मोठी होते ती टायरच्या पोटातून जागा काढून. 18 ला 106 मिलिमीटर कड, 20 ला जेमतेम 82. घाटात रिम वाकली ती या 24 मिलिमीटरमुळे, असं मी दादाला सांगितलं आणि अजूनही माझं तेच मत आहे.

दादाचं म्हणणं असं की ट्रॅकवर खड्डे कुठे असतात? खड्डे नसले तरी वळणाच्या आतल्या कडेला रंगवलेले कर्ब म्हणजे उंचवटे असतात, आणि जोरात जाणारा माणूस त्यावरून चाक नेतोच. शिवाय कड थोडी उंच असली की पकड सुटण्याआधी टायर सांगतो. कड फार कमी असेल तर तो ताठ राहतो, ताठ राहतो आणि मग एकदम सोडतो. नव्याने शिकणाऱ्याला सांगणारा टायर हवा. वजनाचंही तसंच. काजू मोजायचा आमचा काटा आहे, त्यावर 18 चं आणि 20 चं अशी दोन्ही चाकं टायरसकट ठेवली. पुढच्या एका चाकात जवळपास अडीच किलोंचा फरक निघाला. मोठ्या रिमचं वजन मध्यापासून लांब असतं, त्यामुळे ते फिरवायलाही जड आणि ब्रेकने थांबवायलाही जड. 17 मात्र नको, कारण कंपनी 18 च्या खाली गेली नाही आणि आत ब्रेकचं कॅलिपर, म्हणजे चकती दाबून धरणारा भाग, बसायला जागा लागते.

म्हणून 18 ठरलं. खरा प्रश्न रुंदीचा होता, आणि सगळ्यात जास्त रात्री मी त्यावरच घालवल्या.

दादाला मागे रुंद टायर हवे होते, दिसायला भारी म्हणून. पण इंजिन मधोमध असलेल्या या गाडीला कंपनीने मुद्दाम पुढे अरुंद आणि मागे रुंद टायर दिलेत. वेग जास्त झाला तर पुढचं टोक आधी बाहेर सरकावं, मागचं नाही, हा त्यामागचा विचार. रस्त्यावर ते बरोबरच आहे. ट्रॅकवर मात्र त्यामुळे गाडी वळायला कुरकुर करते आणि पुढच्या टायरची बाहेरची कड झिजत जाते. नुसते मागचे रुंद केले तर ही कुरकुर आणखी वाढणार. रुंदी वाढवायचीच तर पुढेही वाढवली पाहिजे.

त्यात पुढच्या-मागच्या व्यासाचं प्रमाणही सांभाळावं लागतं. एबीएस (ब्रेक लावताना चाक अडकू न देणारी) आणि स्टॅबिलिटीची (गाडी घसरू न देणारी) यंत्रणा चारही चाकांच्या फिरण्याचा वेग एकमेकांशी ताडून बघत असते. मूळ गाडीत पुढचा व्यास मागच्याच्या 0.961 पट आहे. पहिल्यांदा मी 245/40 आणि 265/40 धरलं, तर प्रमाण 0.976 आलं. पुढे 245/40 आणि मागे 275/40 धरलं, तर 0.965. हे मला पटलं. व्यास साधारण अडीच टक्क्यांनी कमी होतो, म्हणजे गिअर तेवढे आखूड पडतात. करीसारख्या सव्वादोन किलोमीटरही न भरणाऱ्या ट्रॅकवर ते उलट बरंच. गाडी पुढून पावणेआठ आणि मागून सव्वानऊ मिलिमीटर खाली बसते. हा दीड मिलिमीटरचा फरक मी सोडून दिला.

आता रिम. मूळ रिम पुढे 8 जे, मागे 9 जे, म्हणजे 8 आणि 9 इंच रुंद. 245 आणि 275 त्यावर चढतात, पण अगदी खालच्या मर्यादेवर. अरुंद रिमवर रुंद टायर चढवला की कड बाहेर फुगते, वळणात टायर लोळतो आणि विकत घेतलेली रुंदी वाया जाते. म्हणून 8.5 आणि 9.5 जे. अर्धा इंच वाढला आणि ऑफसेट (रिमचा मध्य आणि ती गाडीला टेकते ती पाठ यांतलं अंतर) तोच ठेवला, तर आत आणि बाहेर साधारण सव्वासहा-सव्वासहा मिलिमीटर वाढतात. केमनला पुढेमागे दोन्हीकडे स्ट्रट, म्हणजे सस्पेन्शनचे उभे दांडे आहेत, तेव्हा आत टायर आणि स्ट्रट यांच्यात किती जागा उरते ते डोळ्यांनी बघणं भाग. भाचीच्या कंपासपेटीजवळची रंगीत माती मागून आणली, तिच्या गोळ्या स्ट्रटवर आणि फेंडरच्या, म्हणजे चाकावरच्या पत्र्याच्या, आत चिकटवल्या, जॅकवर चाक पूर्ण वर दाबून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. आतल्या गोळीवर टायरची खूण नव्हती. फेंडरकडची हिरवी गोळी किंचित चपटी झाली होती. तेवढ्यासाठी पुढचा निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे चाकाच्या वरच्या टोकाचा आत झुकाव, थोडा वाढवला, जो ट्रॅकसाठी तसाही वाढवायचाच होता.

कोकणातल्या लोकांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. आमच्या कंप्रेसरच्या टाकीचा खालचा कॉक पावसाळ्यात सकाळी उघडला की पांढरट पाणी पिचकारीसारखं येतं. तेच पाणी थोडंथोडं टायरमध्ये जातं. ट्रॅकवर टायर तापला की त्याची वाफ होते आणि हवा अंदाजापेक्षा जास्त चढते. दादाच्या टायरमध्ये मी नायट्रोजन भरला. टायरची बीड, म्हणजे रिमला घट्ट बसणारी जाड कड, अलॉयच्या ज्या कडेवर बसते ती समुद्राच्या खाऱ्या हवेने पांढरी पडते आणि तिथून हवा झिरपते. जुन्या रिम असतील तर ती कड घासून साफ केल्याशिवाय टायर चढवू नका.

कारवार, मंगळूर, पालक्काड असं करत दोन दिवसांनी कोईमतूरला पोचलो. थंड टायरला 27 पीएसआय ठेवले. पाचव्या फेरीनंतर दादा आत आला तेव्हा 34 होते, 32 वर आणले. दर वेळी मी टॉर्क पान्याने चाकांचे बोल्ट 160 न्यूटन-मीटरला तपासत होतो. दुपारी चारही टायरवर हात फिरवला. पुढच्याची झीज आतून बाहेरपर्यंत जवळजवळ सारखी होती. दादा हेल्मेट काढून इतकंच म्हणाला, "आता गाडी वळता रे."

ती चाकं आता आमच्या घरी माळ्यावर आहेत, उन्हापासून लांब, अंधारात. तिथेच एप्रिलात आंब्याची आढी घालतात. आंब्याला रबराचा वास लागेल म्हणून आईने महिन्याभराची मुदत दिली आहे. तोवर दुकानात मागच्या बाजूला एक फळी ठोकायची आहे.