आमची वाटचाल : गेलेल्या माणसांचे फोटो

फिल्मच्या काळात स्टुडिओ सुरू केला, मागे डार्करूम होती, पासपोर्ट फोटो आणि समारंभाच्या ऑर्डरी यावर बरं चाललं होतं. मग डिजिटल आलं, मोबाईल आले, 2012 ला फिल्म बनवणाऱ्या कोडॅक कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला तेव्हा घरचे म्हणाले आता दुसरं काहीतरी बघ. पण एक काम थांबलंच नाही, गेलेल्या माणसाचा फोटो नीट करून मोठा करून देणं, आणि आता आमचं मुख्य काम तेच आहे.

फोटो धड असतोच असं नाही. साध्या माणसाचा एकट्याचा निवांत फोटो काढतं कोण? ओळखपत्रावरचा शिक्का बसलेला, ग्रुपमध्ये मागच्या रांगेतला अर्धा चेहरा, नाहीतर फ्रेमच्या काचेला चिकटलेला. तो चिकटलेला घरी ओढून काढू नका प्लीज. वरचा थर जिलेटिनचा असतो, ओल लागली की काच धरून बसतो आणि ओढलं की चेहराच काचेवर राहतो. आम्ही काचेसकट स्कॅन करतो. पुरात भिजलेले अल्बम येतात तेही बरेचदा वाळवून आणतात आणि तिथेच घात होतो, ओले असताना गार स्वच्छ पाण्यात ठेवून हळूहळू सुटे करायचे, लगेच जमणार नसेल तर फ्रीझरमध्ये टाकायचे. 70 च्या दशकातले रंगीत फोटो लालसर पडतात कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो, ते मात्र बऱ्यापैकी दुरुस्त होतं.

अवघड असतं ते गिऱ्हाईकाशी बोलणं. दोघं भाऊ-बहीण वडिलांचा फोटो घेऊन आले, कपाळावर अपघाताची खूण, भाऊ म्हणे काढून टाका, बहीण म्हणे ती काढली तर ते बाबा कुठले? काउंटरवरच भांडण. शेवटी दोन प्रिंट काढल्या, बिल एकच लावलं. आजारपणातला फोटो आणून गाल भरा म्हणणारे तर नेहमीचेच, त्यांना आम्ही आधीचा एखादा फोटो शोधायला परत पाठवतो, आणि बहुतेकदा कुठल्यातरी नातेवाइकाकडे तो सापडतो.

आता एआय ॲपवर मिनिटात चकाचक चेहरा मिळतो, त्यामुळे काम कमी झालंय हे खरं. पण फोटोत जे उरलेलंच नाही ते सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं, मग डोळे छान येतात पण त्या माणसाचे नसतात, आणि ते बायकोला लगेच कळतं. ओरखडे, डाग, मागची भिंत यासाठी आम्हीही वापरतो, चेहऱ्याला नाही. कुणी म्हणतं फोटो बोलता करून द्या. ते काम आम्ही घेत नाही, वाईट वाटलं तरी चालेल.

सध्या मुलगी स्कॅनिंग बघते. तिचं सगळ्यांना एकच सांगणं असतं, निगेटिव्हच्या डब्यातून व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर फिल्म खराब व्हायला लागलीय, ती आधी आणा, प्रिंटा नंतर आणल्या तरी चालतील.